आटे जुळलेत का? ओपनएसएसएल आणि माझं पहिलं पॅकेज

आमचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. खाली बाबांचं काम चालतं, वरच्या खोलीत माझं. कॉलेज संपल्यावर मला पहिलं काम मिळालं ते बिलिंग सॉफ्टवेअरचं उबुंटू या लिनक्स सिस्टिमसाठी डेब पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, बांधायचं. पॅकेजिंगमध्ये येऊ पाहणारी कोल्हापुरातली मुलं-मुली आता मला विचारतात, सुरुवात कुठून करू? मी त्यांना माझी त्या वेळची चूकच आधी सांगते.

सॉफ्टवेअर उबुंटू २०.०४ वर बांधलेलं, म्हणजे ओपनएसएसएल १.१.१ या, सुरक्षित कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीशी जोडलेलं. ग्राहकांनी २२.०४ घेतलं. त्यात ओपनएसएसएल ३.० आहे, १.१ चं पॅकेज नाहीच, त्यामुळे इन्स्टॉलच होईना. मी जुन्या मशिनवरून लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या ओपनएसएसएलच्या दोन फायली उचलल्या, आमच्या पॅकेजात घातल्या आणि प्रोग्रामला त्यांची जागा दाखवली. प्रोग्राम उघडला. मी पॅकेज पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. प्रोग्राम उघडतो, पण बिल सर्व्हरला पाठवताना धाडकन बंद पडतो. दोन दिवस मी आमचाच कोड चाळत बसले. शेवटी एलडीडी (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर यादीत लिबएसएसएल दोनदा: एक मी आणलेली १.१, दुसरी सिस्टिमची ३. एचटीटीपीएससाठी आम्ही सिस्टिमची लिबकर्ल ही नेटवर्कवर माहिती पाठवणारी लायब्ररी वापरत होतो आणि ती ओपनएसएसएल ३ शी जोडलेली होती. तिच्या कॉलबॅकमधून मिळणाऱ्या एसएसएल कॉन्टेक्स्टमध्ये (कनेक्शनच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या वस्तूत) आमचा कोड स्वतःचं सर्टिफिकेट घालायचा. म्हणजे वस्तू घडवली ३ ने आणि तिच्यात हात घातला १.१ ने. दोघींची आतली रचना वेगळी. सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत चुकीच्या जागी हात गेल्यानं प्रोग्राम बंद पडणं) होणारच होता.

जेवताना बाबांना सांगितलं, तर ते खाली जाऊन एम-१० चे दोन बोल्ट घेऊन आले. एकाचा पिच १.५, दुसऱ्याचा १.२५. "जाडी तीच हाय. पयला आटा धरतोय बी. जोर लावलास की नट गेला." एपीआय (कोडमध्ये दिसणारी फंक्शनं) आणि एबीआय (तयार बायनरींची आपसातली जुळणी) यांतला फरक मला त्या दिवशी कळला. फंक्शनचं नाव तेच असलं तरी बायनरीच्या पातळीवर आटे जुळावे लागतात.

जुळवायचं कसं? ज्या आवृत्तीसाठी पॅकेज हवं, त्याच आवृत्तीच्या स्वच्छ क्रूटमध्ये (आपल्या सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या छोट्या सिस्टिममध्ये) ते बांधायचं. त्यासाठी मी एसबिल्ड हे साधन वापरते. लायब्ररीचं नाव अवलंबनांत (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीत) हातानं लिहू नका. बायनरी वाचून ते काम डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन करतं. बांधताना 'डेप्रिकेटेड', म्हणजे 'हे आता वापरू नका', असे इशारे येतील. ते दाबू नका, मूळ लेखकाला कळवा. १.१.० पासून बऱ्याच रचना बंदिस्त झाल्या आणि ३.० मध्ये खालच्या पातळीची अनेक फंक्शनं मोडीत काढायला घेतली. कोड ईव्हीपीच्या, म्हणजे ओपनएसएसएलच्या वरच्या पातळीच्या, फंक्शनांवर नेणं हाच टिकाऊ उपाय आहे. एमडी४ सारखे जुने अल्गोरिदम वापरणारा प्रोग्राम ३.० वर बांधला जातो, पण चालताना अडतो, कारण ते आता लेगसी प्रोव्हायडर या, मुद्दाम चालू कराव्या लागणाऱ्या, वेगळ्या भागात आहेत. म्हणून प्रोग्राम नुसता उघडून पाहू नका, खरं कनेक्शन करून पाहा.

इशारे न दाबण्याबद्दल मी इतकी आग्रही का, तर २००८ मुळे. मेमरी तपासणारं साधन तक्रार करतं म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या (उबुंटू जिच्यावर उभी आहे त्या सिस्टिमच्या) ओपनएसएसएल पॅकेजातून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना यादृच्छिकता उरली ती फक्त प्रोसेसच्या क्रमांकाची, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. क्रिप्टोच्या कोडमधली जी ओळ आपल्याला कळत नाही, तिला मूळ प्रकल्पाला स्पष्ट विचारल्याशिवाय हात लावू नये.

स्वतःची प्रत का ठेवू नये, याचं उत्तर एप्रिल २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या त्रुटीत आहे. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंत तुकडे बाहेर येत होते. जे प्रोग्राम सिस्टिमची लायब्ररी वापरत होते, त्यांना एका अपडेटनं दुरुस्ती मिळाली. पोटात स्वतःची प्रत असलेला प्रत्येक प्रोग्राम वेगळा शोधावा लागला. मी उचललेल्या १.१.१ चा मोफत आधार तर सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. ती फाइल ग्राहकाकडे राहिली असती, तर तिच्यातलं भोक बुजवायला कुणीच आलं नसतं. आणि अपडेटनंतर सेवा पुन्हा सुरू करायला विसरू नका. चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच लायब्ररी असते. नीडरिस्टार्ट हे साधन ते दाखवून देतं.

परवान्याकडेही बघा. ३.० पासून ओपनएसएसएल अपाचे २.० या परवान्याखाली आहे. तो जीपीएल ३ या परवान्याशी जुळतो, नुसत्या जीपीएल २ शी नाही.

पुढे उबुंटू २४.०४ आलं. वेळ ६४ बिटांत साठवण्याच्या बदलासाठी त्यात लिबएसएसएल३ या पॅकेजचं नावच लिबएसएसएल३टी६४ झालं. मी नवीन क्रूट केलं आणि तोच सोर्स पुन्हा बांधला. अवलंबनं लिहितात त्या कंट्रोल फाइलमधलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. नवं नाव साधनानंच लिहिलं आणि चाचणीचं बिल पहिल्या झटक्यात सर्व्हरवर गेलं.