निंबोळी अर्क : घरी तयार करण्याची आणि शेतात पारखून घेण्याची रीत

महाबळेश्वर-जावळीच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात कडुनिंब फारसा दिसत नाही. माण, खटाव, आटपाडी आणि जत या कमी पावसाच्या तालुक्यांत मात्र तो बांधाबांधावर उभा असतो. त्यामुळे कीड आवरण्यासाठी निंबोळ्यांचा अर्क वापरू पाहणाऱ्या, कृष्णाकाठी वांगी, मिरची किंवा चवळी घेणाऱ्या शेतकऱ्याने निंबोळ्यांसाठी दुष्काळी भागातील पाहुण्यारावळ्यांना उन्हाळ्यातच सांगून ठेवलेले बरे.

अर्काचा गुण निम्म्याहून अधिक साठवणुकीवर ठरतो. पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या नेमक्या पावसाच्या तोंडावर गळतात आणि ओल्या मातीत पडून राहिल्या की त्यांना बुरशी धरते. म्हणून झाडाखाली जुने कापड अंथरून त्या रोज वेचाव्यात, पाण्यात चोळून गर काढून टाकावा आणि बिया सावलीत हवेशीर जागी खडखडीत वाळवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो, त्यामुळे गोणपाटाचे पोतेच वापरावे. काळी पडलेली किंवा कुबट वासाची बी वेचून टाकावी, आणि वर्षापेक्षा जुन्या बियांवर विसंबू नये.

पाच टक्के तीव्रतेच्या १०० लिटर द्रावणासाठी ५ किलो बिया भरड कुटाव्यात (फार बारीक पूड केल्यास गाळताना फडके चोंदते) आणि १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. सकाळी काठीने ढवळून द्रावण दुधाळ झाले की ते दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावे आणि चोथा पुन्हा थोड्या पाण्यात कुस्करून पिळावा. २०० ग्रॅम कपडे धुण्याचा साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा साका तयार होतो, शिवाय निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होतो. अशा पाण्यात लिंबूसत्त्व थोडे थोडे घालून सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) सहाच्या आसपास आणावा. तासगाव-पलूसकडील द्राक्षबागायतदारांना संजीवकांच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांच्या) फवारणीमुळे सामू तपासण्याची सवय आहेच, भाजीपाल्यालाही ती लावून घ्यावी. चुनायुक्त बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात) हा अर्क मिसळू नये.

उन्हातील अतिनील किरणांनीही हा घटक नष्ट होतो, म्हणून फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर करावी आणि पानांची खालची बाजू भिजेल असा नोझलचा रोख ठेवावा. या वेळेला मधमाश्यांचा वावरही कमी असतो. पहिल्यांदा वापरताना चार-दोन रोपांवर फवारून कोवळी पाने करपत नाहीत ना, हे पाहावे.

निंबोळी अर्काने कीड तडकाफडकी मरून पडत नाही. अळीचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या लहान अळ्यांवर त्याचा उपयोग होतो. वांग्यात शिरून बसलेल्या अळीपर्यंत किंवा जमिनीत मुळे खाणाऱ्या हुमणी अळीपर्यंत मात्र फवारा पोहोचतच नाही.

गुण आला की नाही, हे नजरेच्या अंदाजावर सोडू नये. एका ओळीवर अर्क फवारावा, एक ओळ अजिबात न फवारता ठेवावी आणि तिसरीवर केवळ साबणाचे पाणी मारावे, कारण मावा नुसत्या साबणानेही मरतो आणि श्रेय उगाच निंबोळीला जाते. प्रत्येक ओळीतील दहा झाडांवर शेंड्याचे, मधले आणि खालचे अशा तीन पानांवरील कीड फवारणीपूर्वी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी मोजून वहीत लिहावी. तिन्ही ओळींत आकडे सारखेच राहिले, तर प्रमाण वाढवण्याआधी बियांचे वय, पाण्याचा सामू आणि फवारणीची वेळ तपासावी.

काही जण जोर यावा म्हणून त्यात तंबाखूचा काढा घालतात. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते आणि तंबाखूच्या पानांतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो, तेव्हा हा प्रयोग टाळावा. दशपर्णी अर्कात (दहा वनस्पतींच्या पाल्याच्या अर्कात) विषारी कण्हेर पडत असल्याने तो करतानाही हातमोजे घालावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

घरच्या शेतापुरता अर्क करणे वेगळे; बचत गटाने तो कीडनाशक म्हणून बाटलीत भरून विकायचा ठरवला, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी व परवाना घ्यावा लागतो. वाळवलेल्या, निवडलेल्या निंबोळ्या विकणे गटासाठी त्यामानाने सोपे आहे.