ऊसतोडणीत बिबट्याची पिल्ले किंवा जखमी वन्यप्राणी आढळल्यास : आधी जागेची खूण करा

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड आणि सिन्नर या ऊसपट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की फडात बिबट्याची पिल्ले सापडू लागतात. दाट उसात सावली, पाणी आणि आडोसा मिळतो, म्हणून मादी तेथेच विते आणि पिल्लांना पाचटात (उसाच्या वाळलेल्या पानांत) लपवून शिकारीस जाते. अशी पिल्ले दिसली की ती पोरकी झाली असे समजून कोणीतरी उचलतो. तेथून ती बांधावर, मग वस्तीवर, मग फोटोसाठी गर्दीत फिरतात, आणि वनरक्षक येईपर्यंत ऊसतोड मजुरांच्या टोळीने पुढच्या चार-पाच सऱ्या तोडलेल्या असल्याने पिल्ले नेमकी कोठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. हंगामामागून हंगाम शेतकऱ्यांचे नुकसान होताना दिसते ते या एका हलगर्जीपणामुळे.

नुकसान केवळ बिबट्याचे होत नाही. रात्री परतलेली मादी पिल्ले न सापडल्याने त्याच शिवारात घिरट्या घालते आणि एरवी माणसाला टाळणारी ही मादी त्या काळात अंगावर येऊ शकते. टोळी फडात उतरण्यास नकार देते, मुकादम तिला दुसऱ्या गावी हलवतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपास जायला हवा, तो बांधावर वाळत राहतो. उभ्या उसाला तुरा येऊन तो पोकळ पडतो, वजन घटते, आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी देण्यासही कोणी धजावत नाही.

म्हणून पिल्ले दिसताच त्या बाजूची तोड ताबडतोब थांबवावी, आल्या वाटेने मागे सरकावे आणि पिल्लांपासून काही पावलांवर काठीला लाल फडके बांधून ती रोवावी. मोबाईलवर जागेचे लोकेशन घ्यावे, सरी बांधापासून कितवी आहे ते मोजून ठेवावे, आणि मगच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तसेच पोलीस पाटलांना कळवावे. पिल्ले आधीच कोणी उचलली असतील तर ज्याने उचलली त्यालाच सोबत नेऊन जागा दाखवून घ्यावी व तेथे काठी रोवावी. वन विभागाची माणसे येईपर्यंत अशी आधीच उचललेली पिल्ले टोमॅटोच्या हवेशीर क्रेटमध्ये, वर सुती कापड टाकून, सावलीत व शांततेत ठेवावीत. गाईचे किंवा शेळीचे दूध मुळीच पाजू नये, त्याने हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही.

वन विभागाची पद्धत सोपी आहे. पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतात, संध्याकाळी ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात, कॅमेरा लावला जातो आणि सर्वजण लांब जातात. मादी बहुधा त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. कधी दोन-तीन रात्री वाट पाहावी लागते. माणसाचा वास लागला की मादी पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. तिला पिल्लू सापडत नाही ते वासामुळे नव्हे, तर जागा बदलल्यामुळे. जुन्नरजवळचे माणिकडोह निवारा केंद्र हे त्या पिल्लांसाठी आहे ज्यांची आई खरोखर मिळत नाही. तेथे वाढलेला बिबट्या पुन्हा रानात जाण्याची शक्यता फार थोडी.

फडात सापडलेले प्रत्येक पिल्लू बिबट्याचेच असते असेही नाही. रानमांजर आणि वाघाटी यांची पिल्लेही याच काळात उसात निघतात. ओळखीचा वाद न घालता त्यांनाही हाच नियम लावावा.

बिबट्यांमुळे ज्या घरांनी माणसे गमावली आहेत त्यांचा राग खोटा नाही. परंतु प्राणी उचलून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, हे २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात दिसले आहे. पकडलेले बिबटे इतरत्र सोडल्यावर हल्ले वाढले, असे संशोधक विद्या अत्रेया यांच्या अभ्यासातून पुढे आले.

इतर जखमी प्राण्यांबाबत थोडक्यात :

- विहिरीत पडलेला प्राणी : दोर बांधून बाज किंवा फळी पाण्यावर सोडावी, म्हणजे त्याला टेकता येईल. काठावर गर्दी करू नये.
- तारेच्या फाशात अडकलेला बिबट्या किंवा तरस : तार तोडू नये, जवळ जाऊ नये.
- काळवीट, चिंकारा : पाठलाग करू नये. धावपळीने स्नायू निकामी होऊन प्राणी काही तासांनी किंवा दिवसांनी मरतो.
- मोर, घुबड, घार : अंगावर कापड टाकून छिद्रे पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांत कळवणे बंधनकारक आहे. एवढा वेळ लावू नये, तासाभरात फोन व्हावा.

कोणास चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू लावू नये. वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचा धरला जातो, त्यामुळे रेबीज लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. दंडात लस घेतल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, कातडीत घेतल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी मात्रा पूर्ण कराव्यात.

हंगामाच्या तोंडावर दुकानदार बिबट्या पळवणारी द्रावणे, लुकलुकणारे दिवे आणि भोंगे गळ्यात मारतात. त्यावर खर्च करण्यापेक्षा विहिरीला कठडा बांधावा. जखमी जनावरासाठी म्हणून काउंटरवरून वेदनाशामक इंजेक्शनही आणू नये. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, आणि वन्यप्राण्याला सुई टोचणे हे आपले काम नव्हे.

तोड सुरू करण्याआधी :

- फडाच्या कडेने सकाळी उजेडात फेरी मारावी, ओल्या सरीत ठसे पाहावेत.
- वस्ती व रस्त्याच्या बाजूने तोड सुरू करून शेजारच्या उभ्या उसाकडे सरकावे. चारही बाजूंनी एकदम तोडू नये.
- ऊस पेटवून तोडू नये, मागाहून पाचटही जाळू नये.
- टोळीची लहान मुले फडाच्या कडेला एकटी ठेवू नयेत.
- १९२६ हा क्रमांक मुकादमाच्या मोबाईलमध्ये भरून द्यावा, लाल फडके व काठी ट्रॅक्टरवर ठेवावी.

सातभाई पक्षी एकाच जागी बराच वेळ कल्ला करत असतील किंवा वस्तीवरचे कुत्रे सरीत शिरण्यास तयार नसेल, तर तेवढा तुकडा त्या दिवशी सोडून द्यावा. याला कोणत्याही पुस्तिकेचा आधार नाही, परंतु जुने ऊसतोड कामगार हे पाळतात. पिल्ले सापडलेल्या फडात मादीने ती नेल्याचे वन विभागाने कळवेपर्यंत रात्रीचे पाणी बंद ठेवावे, आणि अगदीच अडले तर दोघांनी मिळून, बॅटरी व मोठ्या आवाजातील गाण्यांसह जावे.