ड्राफ्टिंगवाल्यांनी मेंबरशिप घ्यावी का? जळगावहून थोडा अनुभव

आपल्या जळगाव-धुळ्याकडची डिप्लोमा नाहीतर आयटीआय ड्राफ्ट्समन झालेली पोरं मला सारखी विचारतात, दादा एवढी फी भरून प्रोफेशनल संस्थेची मेंबरशिप घेऊ का, नोकरीत फरक पडतो का. घरचे तर सरळ म्हणतात, "इतला पैसा कसाले भरस रे भो". म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो.

मी इथे बसून यूकेच्या ऑफिसांसाठी रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे टेक्निकल डिटेल काढतो. तिकडे या कामाचं वेगळं प्रोफेशन आहे, आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी, म्हणजे बिल्डिंग बांधायची कशी, पाणी कुठून शिरेल, आग लागली तर काय होईल ते बघणारा माणूस. त्यांची संस्था सीआयएटी (चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट्स), १९६५ ची, २००५ ला रॉयल चार्टर म्हणजे तिकडची राजसनद मिळाली. आधी स्टुडंट, मग अफिलिएट, आणि असेसमेंट पास झालात की एमसीआयएटी म्हणजे चार्टर्ड. तुमचा इथला कोर्स त्यात बसतो का हे फी भरायच्या आधी त्यांना मेल करून विचारा.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही मेंबरशिप घेतली म्हणून इथे नगरपालिकेत नकाशावर सही करता येत नाही. इथे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मधे सांगितलंय की त्या कायद्यातली बंदी नाव लावण्यावर आहे, कामावर सरसकट नाही. डिप्लोमावाल्यांनी स्थानिक लायसन्सची चौकशी वेगळी करावी. आणि कोणी म्हणालं एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची परीक्षा) कर, डिग्रीबरोबर धरतात, तर लक्षात ठेवा ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव घातलेल्यांनाच होती.

मग फायदा काय? माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हा की तुम्हाला तुमचं काम तुमच्या शब्दात मांडावं लागतं. आपल्याकडे नऊ इंची भिंत, वरून प्लास्टर, विषय संपला. तिकडे भिंत दोन पदरी, मधे पोकळी, तिच्यात इन्सुलेशन, आणि बाहेरच्या विटेतून पाणी आत येणारच हे धरूनच डिटेल काढतात, म्हणून लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) वर पोकळीत पाणी अडवणारा कॅव्हिटी ट्रे टाकतात आणि वीप होल म्हणजे विटांमधल्या बारीक भोकांतून ते पाणी परत बाहेर काढतात. हे ड्रॉइंग मी बघून बघून काढत होतो, पण असेसमेंटच्या तयारीत "हा ट्रे इथेच का, टोकाला पाणी अडवणारा स्टॉप एंड का, हा निर्णय तुझा की सिनियरचा" असं एकेक लिहायला बसलो तेव्हा मला ती भिंत कळली. म्हणून पहिल्या नोकरीपासूनच एक फाइल ठेवा, प्रत्येक प्रोजेक्टमधे मी काय ठरवलं, का ठरवलं, कोणी तपासलं, काय बदललं, आणि "आम्ही केलं" लिहू नका, "मी केलं" तेवढंच लिहा. क्लायंटचं ड्रॉइंग मात्र विचारल्याशिवाय कुठे जोडायचं नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीची आग २०१७ ची, ७२ माणसं गेली, त्यानंतर बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ आला आणि आता तिकडे काम देणारा आधी बघतो की या माणसाला खरंच येतं का. अशा वेळी बाहेरच्या संस्थेनं तपासलेलं असणं फार कामाला येतं, आपण तर त्यांच्यापासून हजारो किलोमीटर लांब बसलेलो, आपल्याला कोणी पाहिलेलंही नसतं.

ऑनलाइन लेक्चर तिकडे संध्याकाळी साडेसहाला म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे बारा, झोप जाते, तरी ऐका आणि एक तरी प्रश्न विचारा. मला पुढचं काम अशाच एका प्रश्नावरून ओळख झालेल्या माणसानं दिलं.

पण लंडनच्या नादात आपल्या तालुक्याची इंजिनियर लोकांची संघटना सोडू नका, तिथली फी किरकोळ असते आणि साइटवर नेणारे जुने लोक भेटतात. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, कंपाउंड वॉलला तिरपी भेग का जाते ते मला एका काकांनी भेगेत बोट घालून दाखवलं, अंडर-रीम्ड पाइलचा (जमिनीत खोल जाणाऱ्या खांबासारख्या पायाचा) खालचा फुगा कशासाठी हे मला त्या दिवशी समजलं.

फी पाउंडात जाते, म्हणून नोकरी लागली की एचआरला सरळ विचारा कंपनी भरते का, बऱ्याच जणांना विचारायचंच सुचत नाही. नाही म्हणाले तर एक वर्ष नुसती फाइल लिहा, लोकल संघटनेत जा, आणि अफिलिएटचा फॉर्म पुढच्या वर्षी भरा.