डोंगर-जंगलातून आणि नदीखोऱ्यातून सायकलने फिरताना

नकाशावर नदीच्या कडेकडेने जाणारा रस्ता दिसला की तो सपाटच असणार, असं आपण धरून चालतो आणि पहिल्याच दुपारी मांड्या भरून येतात. नदी सतत उतरत असते, रस्ता तसा नसतो. बाजूने येऊन मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यापाशी तो पुलापर्यंत खाली जातो आणि पलीकडे पुन्हा चढतो. आडवा कडा आला की नदी खालून वळसा घेते, रस्ता वरून जातो. समोच्च रेषा २० मीटरच्या टप्प्याने काढलेल्या असतील तर १५ मीटरचा चढ नकाशावर दिसेलच असं नाही. असे ३० चढ दिवसभरात आले तर ४५० मीटर झाले, म्हणजे एक मध्यम घाटच.

म्हणून बेत आखताना किलोमीटरच्या शेजारी दिवसाची एकूण चढाई लिहा. सामानासकट सायकल चालवणारा, बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासाला साधारण ३०० ते ४०० मीटर उंची चढतो. ढोबळ हिशेब असा: किलोमीटरला १५ ने भागा, चढाईच्या मीटरना ४०० ने भागा आणि दोन्हींची बेरीज करा. ६० किलोमीटर आणि १२०० मीटर चढाई असेल तर ४ अधिक ३, म्हणजे ७ तास. तेही नुसते पेडल मारण्याचे. जंगलातला कच्चा रस्ता असेल तर १५ च्या जागी १० धरा. तोच दिवस ९ तासांचा होतो आणि तो दोन दिवसांत तोडणंच शहाणपणाचं.

वाऱ्याचंही गणित आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी उतार तापले की वारा खोऱ्यात खालून वर वाहतो, रात्री उलट. नदीबरोबर खाली उतरायचं असेल तर पहाटेच निघा. दुपारी तोंडावर वारा आला की उतारावरही पेडल मारावं लागतं. खोऱ्यात वर चढायचं असेल तर हाच दुपारचा वारा पाठीशी येतो.

गिअर: इथे कंजुषी नको

चाक ७०० बाय ३८ चं (७०० मापाचं चाक, ३८ मिलिमीटर रुंद टायर) असेल तर त्याच्या एका फेरीत सायकल साधारण २.१८ मीटर पुढे जाते. पुढे ३४ दात्यांचं चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागच्या चाकावर ३४ ची सर्वांत मोठी चकती असेल तर पेडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ७.८ किलोमीटर. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो असतील तर ८ टक्के चढावर या वेगाला सुमारे १९० वॉट लागतात. तासभर एवढा जोर लावणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग फेऱ्या ४० वर येतात आणि गुडघे दुखायला लागतात. पुढचं चेनरिंग २६ चं केलं तर त्याच ६० फेऱ्यांत वेग ताशी ६ किलोमीटर होतो आणि जोर १४५ वॉटच्या आसपास येतो. वेग पावणेदोन किलोमीटरने कमी झाला, पण संध्याकाळपर्यंत पाय टिकतात.

सामान घेऊन घाट चढायचे असतील तर सर्वांत हलक्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते, ०.७५ च्या आसपास किंवा खाली हवं. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती पेलतो का आणि चेनची सैल ओढून घेतो का, ते तपासा. आणि गिअर चढ सुरू होण्याआधी टाका. चढावर जोर देत असताना टाकलात तर चेन अडकते किंवा तुटते. टाकावाच लागला तर अर्धी फेरी पाय हलके करा आणि मग लिव्हर दाबा.

ताशी ४ किलोमीटरच्या खाली वेग गेला की उतरून ढकला. त्यात लाज कसली! सायकलच्या डाव्या बाजूने ढकला, म्हणजे चेन पोटरीला लागत नाही.

सामान

पाणी आणि अन्न सोडून १५ किलोच्या आत राहा. सगळं मागच्या कॅरियरवर लादलं तर तीव्र चढावर पुढचं चाक उचलतं आणि उतारावर हँडल थरथरतं. जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ ठेवा. पुढच्या दोन छोट्या पॅनियरमध्ये (कॅरियरला अडकवायच्या पिशव्यांत) एकूण वजनाचा तिसरा हिस्सा तरी असू द्या. कॅरियरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर हमखास ढिले होतात, म्हणून रोज सकाळी अ‍ॅलन कीने तपासा. एम५ मापाचे चार जादा बोल्ट आणि झिप टाय बरोबर असू द्या.

टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद घ्या. ४५ च्या टायरमध्ये गिअरच्या हिशेबातल्या १०० किलो वजनाला मागे ४० ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आणि पुढे त्याहून ५ ते ८ ने कमी, हा प्रयोग सुरू करायला ठीक आकडा आहे. खडीवर आणखी थोडी हवा काढा. मात्र दगडावर रिम ठोकली गेल्याचा आवाज आला तर जास्त काढली असं समजा.

उतार

चढाने माणूस दमतो. जायबंदी होतो तो उतारावर. सलग हलका ब्रेक दाबून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि टायर फाटकन निसटू शकतो. डिस्क ब्रेक असेल तर पॅड तापून गुळगुळीत चकाकतात आणि पकड जाते. सरळ पट्ट्यावर सायकल मोकळी सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, मग पुन्हा सोडा. वळणात शिरल्यावर ब्रेक नको. ब्रेक लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागली किंवा जळका वास आला की थांबा आणि दहा मिनिटं सायकल उभी ठेवा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, बोटही लावू नका.

ओल्या मातीत रेझिनचे पॅड झपाट्याने झिजतात. पावसाळी जंगलात धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात, आवाज करतात इतकंच. फक्त तुमची डिस्क त्यांना चालते का ते तिच्यावरची खूण बघून ठरवा. पॅडवरचा थर १ मिलिमीटरच्या खाली आला की बदला. दोन जोड्या बरोबर हव्यात.

जंगलातल्या रस्त्याची खरी भीती कवडशांची. झाडांतून पडणाऱ्या ठिपकेदार उन्हात खड्डा आणि सावली एकच दिसतात, त्यात काळा चष्मा असेल तर काहीच कळत नाही. सावलीत शिरण्याआधी वेग कमी करा. पाचोळ्याखाली मुळं असतात. ती आणि ओले लाकडी पूल काटकोनात, ब्रेक न लावता ओलांडा.

खिंडीच्या जरा अलीकडे, आडोशाला, घामाचा शर्ट बदला आणि वाऱ्याचं जाकीट घाला. माथ्यावर थांबून हे करायला गेलात तर तोवर अंग गार पडतं.

ओढे ओलांडताना

पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. उघड्या पात्रात गुडघ्यापर्यंतच जा, तेही पाणी संथ असेल तर. आधी काठी घेऊन रिकामे चालत जाऊन या. मग पॅनियर काढून वेगळे न्या, सायकल वेगळी. सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहतं त्या बाजूला धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्यावरच ढकलतो. बूट काढू नका. लांब उतारावरून आल्याआल्या गरम हब (चाकाचा मधला, आसाभोवतीचा भाग) थंड पाण्यात बुडवू नका. आतली हवा आकसते आणि सील ओलांडून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. पलीकडे गेल्यावर चेन पुसून तेल द्या.

मोडतोड

सर्वांत महाग पडणारी चूक अशी घडते: सायकल उजव्या अंगावर पडते, डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) किंचित आत वाकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या चढाला सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये घुसतो. म्हणून सायकल पडली की मागून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका उभ्या रेषेत आहेत का? नसतील तर सर्वांत मोठ्या चकतीवर जाऊ नका आणि हँगर बदला. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे आपल्या फ्रेमचा जादा हँगर घरूनच घ्यावा लागतो.

डिरेलर तुटलाच तर चेन टूलने चेन तोडा, डिरेलर बाजूला काढा आणि पुढच्या चेनरिंगच्या सरळ रेषेत येणाऱ्या मधल्या चकतीवर चेन आखूड करून जोडा. जेमतेम १ सेंटिमीटर सैल ठेवा. जास्त सैल असेल तर ती उड्या मारत मोठ्या चकतीवर चढते आणि आवळून बसते. एकाच गिअरवर चढ ढकलत न्यावे लागतील, पण वस्ती गाठता येते.

स्पोक तुटला तर तो शेजारच्याला गुंडाळा आणि दोन्ही शेजाऱ्यांचे निपल (रिमजवळचे स्पोक आवळायचे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल करा; चाक बरंचसं सरळ येतं.

मुक्काम

दरीत सूर्य लवकर डोंगराआड जातो, तेव्हा मावळतीच्या दोन तास आधी जागा शोधा. काठावरच्या झुडपांत अडकलेलं वाळकं गवत आणि काटक्या किती उंचीवर आहेत ते बघा; पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं. तुमच्या डोक्यावर ढग नसले तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पूर येतो. त्या रेषेच्या बराच वर तंबू लावा. रात्री थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साठते, त्यामुळे ३०-४० मीटर वर झोपलं तर दवही कमी आणि थंडीही.

नदीचं पाणी फडक्यातून गाळून थोडा वेळ निवळू द्या, मग फिल्टर करा; नाहीतर गाळाने फिल्टर तुंबतो. ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनचे फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू नाही. वरच्या अंगाला वस्ती असेल तर उकळा: खळखळून १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. आणि पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतंच. ते गोठलं तर तंतू फाटतात आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.