मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी सुरू होईना: 12 व्होल्टच्या सहाय्यक बॅटरीची तपासणी

खानापूर-जांबोटी भागातल्या पावसात आठवडाभर दारात उभी राहिलेली इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी सुरू होईनाशी झाली, तर दोष बहुधा मोठ्या बॅटरीचा नसून 12 व्होल्टच्या सहाय्यक बॅटरीचा असतो. दारांची कुलपे, डॅशबोर्ड, कंट्रोल युनिट आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) या छोट्या बॅटरीवरच चालतात. त्यामुळे ती उतरली की मोठ्या बॅटरीतली वीज जागच्या जागी अडकून पडते, आणि अशी गाडी ढकलून सुरू होत नाही.

बेळगावला किंवा निपाणीला जाऊन लगेच नवी बॅटरी आणण्याची घाई करू नये. गाडी काही तास बंद ठेवून मल्टीमीटरने मोजल्यावर लेड-ॲसिड बॅटरीत 12.6 व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास ती भरलेली, 12.2 च्या आसपास दिसल्यास निम्मी आणि 12 च्या खाली दिसल्यास जवळजवळ रिकामी समजावी. नंतर गाडी सुरू होत असेल तर ती ‘रेडी’ (चालवायला तयार) स्थितीत आणून पुन्हा मोजावे. साधारण 13.5 ते 14.7 व्होल्ट दिसले तर चार्जिंग होत आहे. हेडलाइट लावूनही आकडा 12 च्या घरातच राहिला तर मोठ्या बॅटरीतल्या विजेवर छोटी बॅटरी भरणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरची किंवा त्याच्या फ्यूजची शंका घ्यावी. कन्व्हर्टरचे काम मात्र कार्यशाळेवर सोपवावे, कारण मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमधला विद्युतदाब जीवघेणा असतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर आधी ऋण आणि मग धन केबल काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुसावा, कोरडे करून टर्मिनल घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलीन लावावे.

यानंतर बॅटरी चार्जरने पूर्ण भरावी आणि केबल सुटी ठेवून रात्रभर राहू द्यावी. नुसती ठेवूनही ती 12.4 च्या खाली आली तर तिचे आयुष्य संपले आहे. सुटी असताना टिकते, पण जोडल्यावर उतरते, असे असेल तर गाडीतच काहीतरी वीज खात आहे, आणि माझ्या मते बाहेरून बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर हाच पहिला संशयित धरावा. ऋण केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर 10 अँपिअरच्या स्थितीत जोडून, कंट्रोल युनिट झोपी जाण्यासाठी अर्धा तास थांबून प्रवाह पाहावा. या काळात दार उघडल्यास किंवा गाडी चालू केल्यास मीटरचा फ्यूज उडू शकतो. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चिंतेचा नसतो. 0.3 अँपिअर वाहत असेल तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत संपते. एकेक फ्यूज काढताना ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, दोष त्याच वाटेवर शोधावा.

बॅटरी बदलावीच लागली तर एजीएमच्या (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीच्या) जागी एजीएमच घ्यावी. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असल्यास तिच्यातला वायू बाहेर नेणारी बारीक नळी जुन्या बॅटरीवरून काढून नव्या बॅटरीला आठवणीने जोडावी. दुकानात ही नळी हमखास विसरली जाते.