स्मार्ट मटेरियलमध्ये नव्याने येताय? आधी अणूंची मांडणी वाचायला शिका

स्मार्ट मटेरियलच्या, म्हणजे दाब, उष्णता यांना प्रतिसाद देणाऱ्या पदार्थांच्या, ओढीने या क्षेत्रात आलेली मुलं पहिल्या सत्रातच क्रिस्टलोग्राफीला (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीच्या अभ्यासाला) कंटाळलेली मी अनेकदा पाहिली आहेत. 'हे कशाला शिकायचं?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: पदार्थाचा स्मार्टपणा बहुतेक वेळा अणूंच्या मांडणीतच असतो.

क्वार्ट्झचा स्फटिक आणि फ्यूज्ड सिलिका ही काच घ्या. दोन्ही सिलिकॉन डायऑक्साइडच. क्वार्ट्झच्या स्फटिकावर योग्य दिशेने दाब दिला की पृष्ठभागावर विद्युतभार येतो. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये हे दाखवलं. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो तो याच गुणधर्मामुळे. फ्यूज्ड सिलिका कितीही दाबा, हा परिणाम मिळत नाही. तिच्यात दूरवर जाणारी शिस्त नाही, सगळ्या दिशा सारख्याच, त्यामुळे इकडचा परिणाम तिकडे खोडला जातो. अर्थात नुसतं स्फटिकी असूनही भागत नाही. मिठाचा स्फटिक उत्तम असतो, पण त्याला सममितीचं केंद्र आहे (त्या बिंदूच्या समोरासमोरच्या बाजूंना मांडणी सारखीच), म्हणून तोही पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबल्यावर विद्युतभार देणारा, नाही. सममितीचा धडा टाळू नका, तो इथे कामाला येतो.

स्फटिकी आणि अस्फटिकी यांतल्या फरकांचा तक्ता पाठ करून परीक्षा सुटते, मुलाखत सुटत नाही. काचेला ठरावीक द्रवणांक का नसतो, असं विचारलं तर बंधांची ताकद जागोजागी वेगळी असते, ते एकाच तापमानाला सैल होत नाहीत, इथून सुरुवात करा.

खरी मेहनत आलेख वाचण्यावर घ्या. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासण्याच्या पद्धतीत) स्फटिकाचे टोकदार पीक दिसतात, काचेचा एक रुंद उंचवटा. नवखे इथे फसतात. पावडर कमी पडली की काचेच्या सॅम्पल होल्डरचाच उंचवटा २० ते ३० अंशांच्या कोनाच्या आसपास दिसतो आणि सॅम्पल अस्फटिकी ठरवलं जातं. आधी रिकाम्या होल्डरचा स्कॅन घेऊन ठेवा. रुंद पीक दिसले तरी घाई नको, कण नॅनो आकाराचे असू शकतात.

डीएससीसाठी (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजण्याच्या पद्धतीसाठी) झटकन थंड केलेल्या पीईटी या बाटल्यांच्या प्लास्टिकइतका चांगला गुरू नाही. तापवत गेलात की ७०-८० अंश सेल्सिअसच्या सुमारास बेसलाइनला छोटी पायरी येते, ते काच संक्रमण, म्हणजे काचेसारखा कडक पदार्थ मऊ होऊ लागणं. पुढे उष्णता बाहेर टाकत तो स्फटिकी होतो, आणि २५० च्या आसपास वितळतो. एका रनमध्ये निम्मा अभ्यासक्रम! फक्त उष्मादायी दिशा वर आहे की खाली, ते आलेखाच्या कोपऱ्यात बघून घ्या. प्रत्येक यंत्राची रीत वेगळी.

मग निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूकडे या. वाकवलेली तार तापवल्यावर सरळ होते, हे व्हिडिओत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. तिचा डीएससी फार कमी जण बघतात. तार घनच राहते, मार्टेन्साइटचं ऑस्टेनाइट होतं (म्हणजे अणूंची एक मांडणी जाऊन दुसरी येते), आणि तापवतानाचा व थंड करतानाचा पीक एकाच तापमानाला येत नाहीत. हा फरक किती आहे यावर ती तार तुमच्या उपकरणाला चालेल की नाही ते ठरतं. निकेलचं प्रमाण एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाने बदललं तरी संक्रमण तापमान दहाएक अंशांनी सरकू शकतं. म्हणून तार मागवताना नुसतं 'निटिनॉल' लिहू नका. ऑस्टेनाइट पूर्ण होण्याचं तापमान किती हवं, तेही लिहा, आणि माल आल्यावर छोटा तुकडा कापून स्वतः तपासा.