पिकअपला कमी खर्चात दुसरी बॅटरी जोडताना

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की पिकअपचालकाला लिलावाची वाट पाहत रात्र गाडीतच काढावी लागते, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत हौद्यातच माल मांडून बसणाऱ्या विक्रेत्याला दिवे संध्याकाळपासून लागतात. इंजिन बंद ठेवून हा सारा भार मूळ बॅटरीवर टाकला, तर पहाटे सेल्फ लागत नाही. दुसरी बॅटरी हा त्यावरचा नेमका उपाय आहे. तो कमी खर्चात करता येतो. मात्र काटकसर बॅटरीच्या निवडीत करावी, वायर, फ्यूज आणि रिले (प्रवाह आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) यांच्यात करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम गरजेचा हिशेब मांडावा. १० वॅटचे दोन एलईडी दिवे, २० वॅटचा पंखा आणि मोबाइल चार्जिंगचे १० वॅट धरले, तर एकूण ५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर प्रवाह लागतो. आठ तासांत ३२ ते ३४ अँपिअर-तास खर्च होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून एवढ्या कामाला ७० ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी पुरेशी आहे. घरातील इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी फुकट मिळते म्हणून अनेकांना तिचा मोह होतो, परंतु ती उंच व फार जड असते, एका जागी स्थिर राहण्यासाठी बनवलेली असते आणि खड्ड्यांत तिच्यातील ॲसिड सांडते. त्यापेक्षा ट्रॅक्टरची वापरलेली, पण तपासलेली बॅटरी बरी. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवावी, सकाळी १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाखवत असेल आणि ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने पाहता सहा घरांपैकी एकाचेही वाचन इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक वेगळे नसेल, तरच पैसे द्यावेत.

दोन बॅटऱ्या थेट एकमेकींना कायमच्या जोडणे, हा स्वस्त वाटणारा मार्ग सर्वांत महाग पडतो. त्यात दोन्ही एकदम उतरतात, आणि कमकुवत बॅटरी चांगलीलाही खाली ओढते. दोघींच्या मध्ये व्होल्टेज ओळखून जोडणारा रिले हवा. इंजिन सुरू होऊन ऑल्टरनेटरने (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राने) व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर नेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, आणि ते १२.८ च्या आसपास उतरले की त्यांना वेगळे करतो. साधा रिले इग्निशनच्या वायरवर लावला तर खर्च आणखी कमी होतो, पण सेल्फ मारताना तो जोडलेलाच राहिला, तर दुसऱ्या बॅटरीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह त्याच वाटेने धावतो आणि फ्यूज उडतो. व्होल्टेज ओळखणाऱ्या रिलेत हा धोका बराच कमी होतो. काही नव्या गाड्यांत मात्र संगणक ऑल्टरनेटरचे व्होल्टेज अधूनमधून मुद्दाम उतरवतो. तेथे असा रिले भरवशाचा ठरत नाही आणि डीसी-डीसी चार्जरच (येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारे यंत्र) घ्यावा लागतो. चालू इंजिनवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज १३.८ ते १४.४ दरम्यान स्थिर राहते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

वायरच्या जाडीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुढून हौद्यापर्यंत जाऊन-येऊन ८ मीटर वायर धरली आणि ३० अँपिअरचा प्रवाह असला, तर तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर वायरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, त्यामुळे दुसरी बॅटरी फार सावकाश भरते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ही घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. वायर तांब्याचीच आहे, याची टोक सोलून खात्री करावी. लग (वायरच्या टोकाला बसणारी, छिद्र असलेली धातूची टोपी) दाबून बसवण्याचे यंत्र आपल्याकडे नसेल, तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे; हातोडीने ठोकलेला जोड पुढे तापतो. या वायरवर दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकाशी, शक्य तितक्या जवळ, प्रत्येकी ८० अँपिअरचा फ्यूज हवा, कारण वायर मध्येच चेसिसला घासून उघडी पडली तर दोन्हीकडून प्रवाह येतो. रिले १०० अँपिअर किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असावा. दिवे आणि पंखा यांच्या वायरींना त्यांचे वेगळे, छोटे फ्यूज लावावेत.

बॅटरी केबिनमध्ये ठेवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हौद्याखाली चेसिसलगत, सायलेन्सर आणि डिझेलच्या टाकीपासून दूर, अँगलच्या चौकटीत रबर अंथरून ती घट्ट आवळावी आणि वायर लवचिक पाइपातून न्यावी.

जोडणी सुरू करताना मूळ बॅटरीचे निगेटिव्ह टोक सर्वांत आधी काढावे. दोन्ही मोठे फ्यूज होल्डरमधून बाहेर ठेवूनच सर्व वायरी जोडाव्यात. दुसऱ्या बॅटरीचे निगेटिव्ह चेसिसवर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर घट्ट बसवावे. नंतर मूळ बॅटरीचे निगेटिव्ह परत जोडावे आणि फ्यूज शेवटी घालावेत.

इंजिन सुरू करून काही मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज मोजावे, फरक ०.३ व्होल्टपेक्षा अधिक असेल तर जोड तपासावेत. इंजिन बंद करून दिवे लावल्यावर थोड्याच वेळात रिले सुटला पाहिजे आणि त्यानंतर मूळ बॅटरीचे व्होल्टेज घसरता कामा नये. पहिल्या लांब फेरीनंतर इंजिन बंद करून लग आणि फ्यूज होल्डरला हात लावून पाहावा, आणि जो जोड गरम लागेल तो नव्याने करावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बॅटरीतील पाणी लवकर आटते. त्या काळात दर पंधरवड्याला पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे.